उजवीकडे सात कला

भिवंडी,
२ एप्रिल २०२५

चि. संघरत्नास,
जयभीम.

तू मागितलेली यादी. माझ्या हाताने झालेलं असं: नऊ चौकटी. त्यातल्या आठ दुर्बिणीबरोबर वर अवकाशात गेल्या, नववी जादा म्हणून माझ्याकडेच आहे. प्रत्येक चौकटीत टँटलमच्या दोनशे पात्या, जाडी एक दशांश मिलिमीटर, खोली ऐंशी, दोन पात्यांमधली फट एक पूर्णांक चार दशांश. अठराशे पात्या झाल्या. बसवताना एकोणीस वाकल्या, त्या फेकल्या नाहीत, बिस्किटाच्या डब्यात आहेत, येशील तेव्हा मोजून घे. पात्या ओळीत धरायचा पितळी साचा. पाती ताणायचा चिमटा, तो सायकलच्या ब्रेकमधून काढला. शेडच्या एका टोकाला ठेवायचा दिवा आणि वीस मीटरवरच्या भिंतीवर पडणारी सावली मोजायची पट्टी. आणि लाकडी खोकी, आतून लोकर लावलेली.

डबे, बोल्ट, आणि चौकटी दुर्बिणीत बसवणं हे मनोजशेठच्या काल्हेरच्या कंपनीने केलं. ते मी माझ्या यादीत घेत नाही. त्यांनीही माझं त्यांच्या यादीत घेऊ नये, पण घेतलं असणार. म्हणून तर तू मला विचारते आहेस.

मी कुठे शिकलो असं कोणी विचारलं तर सांग, उसवून शिकलो. मागाची तुटकी फणी घ्यायची, डांबरी दोरा सोडवायचा, दात मोजायचे, परत बांधायची. अशा चाळीसेक उसवल्या, तेव्हा एकेचाळिसावी विकली. दोन वर्षांपूर्वी तू ड्रॉइंग घेऊन शेडमध्ये आलीस आणि म्हणालीस, "मामा, ही तर फणीच आहे ना?" फणीच होती. फक्त दातांमधून सुताऐवजी क्ष-किरण जायचे, आणि तेही सरळ येतील तेवढेच. तिरके आले की पातीवर आपटून संपले. शेजारचे मागवाले अन्सारीसेठ अजून चेष्टा करतात, "सुगत भाई, फणी तो ऊपर भेज दी, अब कपड़ा कौन बुनेगा?"

आता मी एक विचारतो. दुर्बीण जानेवारीत वर गेली. आज यादी कशाला? मागवाला फणी नेतो आणि दोन महिन्यांनी "ही कोणी बांधली होती हो" असं विचारत येतो, ते कापडात उभी रेघ पडायला लागली की. कौतुक करायला आजवर कोणी आलेला नाही.

फोन करू नकोस. माझे कान मागांनी खाल्ले हे तुला ठाऊक आहे. उन्नती या पानांचा फोटो आजच पाठवेल, मूळ कागद पोस्टाने येईल. तूही हातानेच लिही, सही-तारखेसकट.

तुझा,
सुगतमामा


बेंगळुरू,
५ एप्रिल २०२५

आदरणीय सुगतमामा,
सविनय जयभीम.

यादी मिळाली. इथे सगळ्यांना वाचून दाखवली, ब्रेकच्या चिमट्यापाशी दोघे जण उठून उभे राहिले.

काळजीचं काही नाही. दुर्बीण जमिनीवर कितीही तपासली तरी वर गेल्यावर ती खरंच किती बघते हे पुन्हा ताडून घ्यावं लागतं. रॉकेटचे हादरे, थंडी, ऊन, सगळं सोसून ती तिथे पोचलेली असते. त्यासाठी एक ओळखीचा उजेड लागतो, वाण्याच्या काट्याला जसं शिक्क्याचं वजन. आमचं शिक्क्याचं वजन म्हणजे क्रॅब, म्हणजे खेकडा, आपली चिंबोरी, एका फुटलेल्या ताऱ्याचा ढग. त्यातून किती क्ष-किरण येतात हे आम्हाला तोंडपाठ असतं. बकुळामामीला सांगा, भाची दिवसभर चिंबोरीकडे डोळे लावून बसते. आठही चौकटी चिंबोरीकडे वळवल्या की आठही आकडे सारखे यायला हवेत. ती जुळवाजुळव सध्या चालू आहे, काळजीचं काही नाही.

एक बारीक गोष्ट, सहज विचारते. तुमच्या मोजमापाच्या कागदावर तिसऱ्या चौकटीपुढे "उजवीकडे ७ कला" असं आहे. म्हणजे तिच्या पात्या सात कलांनी उजवीकडे कलल्या आहेत. कुठल्या बाजूने बघून उजवीकडे? सवडीने कळवा.

तुमची,
संघरत्ना


भिवंडी,
८ एप्रिल २०२५

चि. संघरत्नास,
जयभीम.

तुझ्या पत्रात "काळजीचं काही नाही" दोनदा आहे. मी मोजलं. एकदा असतं तर मी विश्वास ठेवला असता.

आणि "सहज" हा शब्द तू खोडून परत लिहिला आहेस, फोटोत दिसत नव्हतं, उन्नतीने मोठं करून दाखवलं.

उजवीकडे म्हणजे उजवीकडे. तेहतीस वर्षं मोजतो आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला हे तू मला शिकवलंस, पण सावलीवरून ती कशी काढायची ते माझं मी बसवलं. वीस मीटरवर पावणेएकेचाळीस मिलिमीटर सावली सरकली, म्हणजे सात कला. वर गेलेल्या आठांत फक्त तिसरी चौकट कलली, हे मी लपवलं नाही, कागदावर लिहिलं, खाली सही केली. कल काढून टाकायला खाली पातळ पट्टी सारायची, ते कंपनीचं काम. तेव्हा मला मास्तरासारखे प्रश्न विचारू नकोस.

हे बकुळाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीनं सादं ईचारलंय, तर सादं सांगा ना. का म्हनून फणकारता? तुमचं डावं-उजवं लग्नात बी चुकलं व्हतं, माझ्या भनीच्या गल्यात हार घालाय निगाले व्हते." तेव्हा माझा चष्मा नव्हता, ही गोष्ट ती दरवेळी गाळते.

असो. आठ चौकटींमधून तू तिसरीच का विचारलीस? पहिली नाही, पाचवी नाही. तिसरीला काय झालं आहे ते स्पष्ट लिही. गोड लिहू नकोस.

सुगतमामा


बेंगळुरू,
११ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

लपवलं हे चुकलं. आता सगळं लिहिते.

सात चौकटी चिंबोरीकडे बघून शंभरच्या आसपास आकडा देतात. तिसरी सत्त्याहत्तर देते.

याची दोन कारणं असू शकतात. एक, तिच्यामागे क्ष-किरण मोजणारा जो डिटेक्टर आहे तो मंद पडला आहे. तो डिटेक्टर मी केला आहे. दोन, आपण दुर्बीण चिंबोरीकडे सरळ रोखतो तेव्हा तिसरीच्या पात्या दुसरीकडेच बघत असतात. कंपनी म्हणते, हे शक्य नाही, कागदावरच्या सात कला आम्ही पट्टी घालून काढल्या, कल शून्य झाला. म्हणून इथे सगळ्यांचा रोख माझ्या डिटेक्टरवर आहे.

पण मामा, आपल्या चौकटीत साठ कलांनी तिरकं बघितलं की उजेड पूर्ण बंद होतो. त्या हिशेबाने तेवीस टक्के तूट म्हणजे चौदा कला. चौदा म्हणजे सातची दुप्पट. पट्टी उलट्या बाजूला गेली असेल, तर सातातून सात वजा व्हायच्याऐवजी सातात सात मिळाले असतील. जमिनीवर हे कोणाला दिसलं नाही, कारण लेझरने तपासलं ते बाहेरच्या डब्याला, आतल्या पात्यांना नाही.

हे सिद्ध करायचं तर दुर्बीण चिंबोरीपासून थोडी थोडी बाजूला सरकवत न्यायची आणि प्रत्येक थांब्याला आकडा घ्यायचा. मार्चमध्ये दोन्ही बाजूंचा फेरा ठरला होता. मध्येच यानाला काहीतरी बिघाड वाटला, त्याने आपलं आपण काम थांबवलं, ते दिवस गेले ते गेले. आता सूर्य चिंबोरीकडे सरकतो आहे. ३० एप्रिलनंतर तिकडे दुर्बीण वळवता येणार नाही, थेट ऑगस्टपर्यंत. मला एकच दिवस मिळाला आहे, २९ एप्रिल. यान दर दीड तासाने पृथ्वीआड जातं, त्यामुळे एका दिवसात एकाच बाजूचा फेरा होतो.

बरोबर बाजू धरली तर आकडा चढत जाईल आणि चौदाच्या आसपास शिखर सापडेल. चुकीची धरली तर आकडा उतरत जाईल, आणि नुसता डिटेक्टर मंद असला तरी तो तसाच उतरतो. मग काहीच सिद्ध होणार नाही. समिती ऑगस्टपर्यंत थांबायला तयार नाही, दुर्बिणीचं आयुष्यच दीड वर्षाचं धरलं आहे. ते तिसरी चौकट कायमची बंद करतील.

म्हणून विचारते. उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे? मापताना तुम्ही कुठे उभे होतात?

संघरत्ना


बेंगळुरू,
२१ एप्रिल २०२५

मामा,
जयभीम.

दहा दिवस झाले. उन्नती म्हणते, पप्पा कागदांची पेटी उघडून बसलेले असतात, जेवायला हाक मारली तर हात करतात. २५ तारखेला सकाळी अकरा वाजता मला डावं की उजवं ते लिहून द्यायचं आहे. त्यानंतर यानाला पाठवायच्या सूचना बदलता येत नाहीत.

माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहा. मी नाणं उडवीन. पण काहीतरी लिहा.

संघरत्ना


भिवंडी,
२४ एप्रिल २०२५, दुपार

चि. संघरत्नास,
जयभीम.

आधी उत्तर, मग बाकीचं. मी आकाशाकडच्या बाजूला उभा होतो. माझं उजवं म्हणजे दुर्बिणीच्या आतून बाहेर बघणाऱ्याचं डावं. तिसरी तिकडेच बघते, म्हणून चिंबोरी डावीकडे येईल अशी दुर्बीण सरकव.

आता बाकीचं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कागदाची कार्बन कॉपी काढली. "उजवीकडे ७ कला" आहे. कुणाच्या उजवीकडे, ते नाही. पहिले सहा दिवस मी काही केलं नाही. पेटीसमोर बसलो आणि तो शब्द कुठे तरी कोपऱ्यात असेल म्हणून कागद उजेडात धरून बघत राहिलो. हे मी तुला सांगितलं नाही, बकुळालाही नाही. ८ तारखेला तुला फणकारून लिहिलं, तेव्हाच मला शंका आली होती.

मागाच्या धंद्यात उजवं-डावं एकाच माणसाचं असतं. मागापुढे, कापडाच्या बाजूला जो विणकर उभा असतो त्याचं. माग दुरुस्त करणारा जॉबर मागच्या बाजूला उताणा पडून नट आवळत असला तरी तोही विणकराचंच उजवं म्हणतो. भिवंडीत हे कोणी कुणाला शिकवत नाही, आणि कोणी कधी विचारत नाही. कुणाचं उजवं हे लिहायचं असतं, हेच मला सुचलं नाही. चौकटीची आकाशाकडची बाजू माझ्या लेखी कापडाची. मनोजशेठचा फिटर आतून, तुझ्या डिटेक्टरच्या बाजूने बघत असणार. त्याने त्याच्या उजव्याचा कल काढला, आणि माझ्या उजव्यात भर घातली.

पण ही झाली आठवण. आठवण म्हणजे माप नाही. सावली मापताना मी चुकून पलीकडे गेलो असेन तर? म्हणून सहाव्या दिवशी नववी चौकट आठवली. तीही त्याच कागदावर आहे: "डावीकडे २ कला". ती माझ्याकडे आहे. ती आज कापडाच्या बाजूने मापली आणि सावली डावीकडे गेली, तर माझी पद्धत तीच होती. उजवीकडे गेली, तर मी कुठे उभा होतो ते मलाच ठाऊक नाही.

शुक्रवारी, १८ तारखेला, माग बंद असतात म्हणून दिवा लावला. सावली भिंतीवर अशी थरथरली की पट्टीवर धरता येईना. कानांना कळत नाही, पण फरशीतून तळव्यांना कळतं. भिंतीपलीकडे अन्सारीसेठचे सोळा माग चालू होते. ऑर्डरची घाई. मी गेलो.

सेठ म्हणाले, "सुगत भाई, आज का दिन मत माँगो, माल शाम को निकलना है।"

मी म्हटलं, "आधा घंटा।"

"किसलिए?"

"ऊपरवाली फणी के लिए।"

ते हसले नाहीत या वेळी. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सावकाश म्हणाले, म्हणजे मला ओठ वाचता यावेत: "नमाज़ में सब लोग जाएँगे तो बंद ही रहेंगे। उतने में कर लो।"

केलं. सावली डावीकडे, साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे दोन कला, कागदावर आहेत तेवढ्याच. पण एका मापावर मी फणी विकत नाही. म्हणून आज परत अर्धा तास मागितला, आणि सेठनी चालू माग थांबवले. सोळाही. पुन्हा डावीकडे, पुन्हा साडेअकरा. तुझी २५ तारीख उद्या आहे हे ठाऊक असूनही थांबलो. माझ्यामुळे तुझा जीव टांगणीला लागला, ते मान्य.

एक शंका उरते, तीही लिहून ठेव. तिसरी आणि नववी या दोन चौकटी मी एकाच दिवशी मापल्या नव्हत्या, मध्ये आठवडा होता. नववीला जिथे उभा होतो तिथेच तिसरीलाही होतो, हे मी धरून चाललो आहे. मोजलेलं नाही.

सुगतमामा


बेंगळुरू,
१ मे २०२५

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

चिंबोरी डावीकडेच घेतली.

पहिला थांबा चिंबोरीवर सरळ: सत्त्याहत्तर, नेहमीचाच. दुसरा थांबा, चिंबोरी चार कला डावीकडे: पंचाहत्तर. मामा, उतरला. माझ्या शेजारच्या मुलीने माझ्या हाताखालून कागद काढून घेतला, कारण मी त्यावर पेन दाबत बसले होते. यान पृथ्वीआड गेलं, आणि पुढचा आकडा येईपर्यंत पाऊण तास मी तुमची शंका मनात घोकत होते. मधला आठवडा, मधला आठवडा.

मग कोणीतरी वेळा तपासल्या. दुसऱ्या थांब्याच्या शेवटी पृथ्वीची कड चिंबोरीच्या आड यायला लागली होती. तेवढी मिनिटं काढून टाकल्यावर आकडा झाला त्र्याऐंशी. आठ कलांवर नव्वद. बारावर सत्त्याण्णव. सोळावर परत सत्त्याण्णव. विसावर नव्वद. बारा आणि सोळा सारखे, म्हणजे शिखर बरोबर मध्ये. चौदा.

तिसरी चौकट चालू राहणार. आता ती कुठे बघते हे ठाऊक आहे, तेवढा फरक हिशेबात घातला की तिचा प्रत्येक आकडा कामाचा. डिटेक्टरही शाबूत आहे. मी काल खूप झोपले.

पण अहवालात कारण लिहावं लागतं. हे कसं घडलं, कुणाकडून घडलं. १२ मे रोजी समितीची बैठक आहे. तुमच्या कागदावर स्वीकारल्याची सही माझी आहे, बाजू कुठली हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी तसं लिहून दिलं आहे, सगळं माझ्यावर घेतलं आहे. पुढच्या मोठ्या दुर्बिणीच्या गटात मला ठेवतील की नाही ते त्यावर ठरेल. तुमचं नाव मी कुठे घातलेलं नाही. कंपनीने खुलासा द्यायला आठवडाभर मागून घेतला आहे. का, ते कळलं नाही. तुमच्याकडे कोणी आलं होतं का?

तुमची,
संघरत्ना


भिवंडी,
९ मे २०२५

चि. संघरत्नास,
जयभीम.

तुझे आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले आणि पट्टीने जोडले. दोन्ही बाजूंच्या रेघा चौदावर मिळतात, शंभराला. तू सांगितलं नसतंस तरी मी काढलं असतं. अन्सारीसेठना दाखवलं. ते म्हणाले, "मतलब डिज़ाइन सही, सिर्फ़ माल तिरछा देखता है।" बरोबर बोलले. बकुळाने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, मला वाढताना म्हणाली, "जेवा आता, सापडली ना ती वरची."

आता तुझ्यावर रागावतो. माझं नाव कुठे घातलं नाहीस, हे उपकार केल्यासारखं लिहिलंस. कुणाच्या बाजूने ते न लिहिणारा मी. ते न विचारणारे तू आणि कंपनीचा फिटर. तीन माणसं आहेत. तू तुझ्या वाट्याचं लिही, माझ्या वाट्याचं लिहायचा तुला अधिकार नाही. मी काल समितीला नोंदणी पोस्टाने पत्र घातलं, मराठीतच, त्यांनी भाषांतर करून घ्यावं. त्यात तीन वाक्यं आहेत. चौकट तीन सात कला कलली होती आणि ते माप बरोबर होतं. ती कुठल्या बाजूने बघून, हा शब्द मी कागदावर लिहिला नाही. ही माझी चूक आहे. सोबत कार्बन कॉपी जोडली, नववीची दोन्ही मापं जोडली.

असं लिहिल्याने तुझ्यावरचं सगळं जात नाही, हे मला कळतं. तुझी सही आहे ती आहेच. तुला गटात ठेवलं नाही तर ते माझ्यामुळे, हे मी विसरणार नाही. बैठक संपली की आधी एक ओळ पाठव, पत्र नंतर.

तुझा,
सुगतमामा

ता.क. कोणी आलं होतं का असं तू विचारलंस. मनोजशेठ स्वतः आले होते, मंगळवारी, गाडी गल्लीत मावेना म्हणून चालत. सोबत टाईप केलेला कागद. त्यात, मापताना माझी बाजू चुकली आणि "उजवीकडे" हे माप मुळातच चुकीचं होतं, असं होतं. खाली माझं नाव, सहीला जागा. ते म्हणाले, "सुगत, यवडी सही कर. तुजं काय जातं? तुजी काय डिग्री काडून घेनार हायेत? भाचीवरचा डाग बी जातो, ना माजी कंपनी बी वाचते. समद्यांचं भलं." तुझ्यावरचा डाग खरोखरच गेला असता, म्हणून मी तो कागद दोनदा वाचला. मग सांगितलं, "शेठ, शब्द राहिला, माप चुकलेलं नाही." ते म्हणाले, "त्यात फरक काय रं?" मी त्यांना साचा दाखवायला उठलो, तर त्यांनी मला हाताने बसवलं आणि कागदाच्या मागे लिहून दाखवलं, कान नसलेल्या माणसाला लिहूनच दाखवावं लागतं. पुढच्या मोठ्या दुर्बिणीच्या सगळ्या चौकटी माझ्याकडे, दोन वर्षांचं काम, साहित्य त्यांचं, हात माझा. मी सही न करता कागद उलटा करून परत दिला. चौकटी चोवीस होत्या, आणि रक्कम अठरा लाख साठ हजार रुपये.